फुर्ण्यांचं देवक

मलकापूर

बऱ्हाणपूरला जाऊन आल्यापासून शाळेतल्या बाया मला एकच विचारतात, काय काय पाहिलं? मी सांगते, एक भट्टी पाहिली. त्यांना वाटतं मी थट्टा करते. किल्ला होता, तापीचा राजघाट होता, पलीकडे जैनाबादला ती बाग होती, जिथं ताजमहालाच्या बेगमेला आधी पुरलं होतं. ते सगळं मी टांग्यातून नाहीतर घाटावरून लांबून पाहिलं. मी आणि माझा दादा गेलो होतो ते मुलाकडचं घर बघायला, आणि घर बघायला गेलेल्या माणसाला बाकी काही दिसत नाही.

माझी भाची शालिनी, म्हणजे दादाची मुलगी. तिची आई गेल्यापासून माझ्याच हाताखाली वाढली. ट्रेनिंगला खंडव्याला होती तेव्हा वसंत फुर्णे नावाच्या मुलाशी ओळख झाली. तो आता बऱ्हाणपुरात मास्तर आहे. मध्यस्थामार्फत स्थळ रीतसर आलं, पण मला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आत्या, मला तिथंच द्या. दुसरीकडे दिलंत तरी जाईन, पण मनातून जाणार नाही." ही मुलगी कधी काही मागत नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात ते वाक्य खिळ्यासारखं बसलं.

दादाचं मात्र आडनावावरच अडलं. "फुर्णे? हे शहाण्णव कुळांत बसतं कुठं?" मध्यस्थ म्हणाला, मूळपुरुष फ्रेंच होता. शिंद्यांच्या कवायती पलटणींबरोबर आला, तोफखान्यात होता, बहादरपूरच्या शेतकऱ्याची मुलगी केली आणि इथलाच झाला. पुढच्या पिढ्या इथल्याच घरांतून मुली करत आणि देत आल्या. दादानं दोन दिवस तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तोफखान्यात होता ना? मग लढणारा माणूस. लढणाऱ्याचं कूळ असतंच. त्यांचं देवक काय आहे ते बघू."

देवक म्हणजे लग्नात ज्याची आधी पूजा होते ते. कुणाचं कळंबाचं पान, कुणाची तलवार. यांचं देवक म्हणे तोफेचा गज, दारूगोळा आत ठासायचा तो. हे ऐकल्यावर दादा खूश. पण मला बजावून ठेवलं, "शांते, तोपची निघाला तर लग्न. नाही निघाला तर पोर घेऊन मी गप्प घरी बसेन." म्हणजे शालूचं सगळं आयुष्य दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका फ्रेंच माणसाच्या धंद्यावर येऊन टांगलं.

लालबाग ते शनवारा

स्टेशन शहरात नाही, लालबागेत आहे. तिथून टांगा. वसंत घ्यायला आला होता. उंच, सावळा, डोळे मात्र घारे. दादानं डोळ्यांकडे पाहिलं आणि खाकरला.

पाँडिचेरीतून फ्रेंच निघून गेले त्याच्या पाठोपाठचा हा हिवाळा. वसंत सांगत होता, वर्तमानपत्रात ती बातमी आली त्या दिवशी वर्गातली पोरं त्याला म्हणाली, "सर, तुमचे लोक गेले, तुम्ही कधी जाणार?" तो हसून सांगत होता, पण हसू ओठांवरच होतं. टांगेवाल्याला वेगळीच चिंता. "बाई, प्रांतांचं कमिशन आया है बोलते. अपना तालुका कुठं टाकतील काय मालूम. नागपूर बोलो, भोपाळ बोलो, घोडा तर इथंच चालवायचा ना?" इथं असंच बोलतात. एक पाय मराठीत, एक हिंदीत, आणि पडत कुणीच नाही.

शनवाऱ्याच्या वेशीतून आत शिरलं की मागांची खटखट सुरू होते. ती पुढं कानाला इतकी सवयीची होते की थांबली तरच कळतं. एका दुकानात मांडे करत होते. आमच्याकडे मांडे खापरावर टाकतात, हातावर फिरवत फिरवत. इथं उलट्या कढईवर, आणि टाकायच्या आधी पोळी हवेत अशी भिरकावतात की बघणाऱ्याचा जीव वर जातो. मी तिथंच उभी राहिले. दादा तोवर शेजारच्या दुकानात माव्याची जिलबी खात होता. काळी, जाड, पाकात बुडालेली. मी म्हटलं, एक पुरे. दादानं कधी माझं ऐकलंय?

बहादरपूर

बहादरपूर शहरापासून जवळच. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून कपाशी. फुर्ण्यांचं घर साधं, सारवलेलं, अंगण मोठं. वसंतचे वडील, त्यांना सगळे बापू म्हणतात, दारातच पाय धुवायला पाणी घेऊन उभे. धोतर गुडघ्यापर्यंत, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. कुठून फ्रेंच म्हणावं यांना.

"या भाऊसाहेब. ताई, तुमी थकल्या असान. चाय घ्या आदी, मंग बोलू."

जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तिखट ठेचा, शेवटी दराबा. दराबा म्हणजे रवा, तूप आणि साखर इतकी घोटतात की जिभेवर ठेवला की राहत नाही. वसंतची आई वाढत होती आणि प्रत्येक वेळी विचारत होती, "गोड लागते का?" मी हो म्हटलं की आणखी वाढायची. तिसऱ्या वेळी मी हात आडवा धरला.

जेवण झाल्यावर बापूंनी देवक दाखवलं. देवघराच्या वर भिंतीत दोन खुंट्या, त्यांवर आडवा ठेवलेला लांब लाकडी दांडा. हळद-कुंकू लागून लागून लाल-पिवळा झालेला. एका टोकाला तांबडं फडकं गुंडाळलेलं, फडक्यावर फडकं. दादानं वाकून नमस्कार केला. "तोफेचा गज," तो मला हळूच म्हणाला, जसा काही ह्यानंच गोळे डागले होते.

मी पाहत होते त्या फडक्याकडे. तोफेचं तोंड गोल असतं एवढं मलाही माहीत आहे. फडक्याखालचं टोक मात्र रुंद आणि चपटं दिसत होतं.

अंगणाच्या कोपऱ्यात मातीची एक घुमटी होती, पुढं काळवंडलेलं तोंड. मी विचारलं, हे काय?

"भट्टी हाय ती आमची," वसंतची आई म्हणाली. "लगनातच पेटते. परवा आमच्या पुतनीचं लगन हाय ना, पायसानच तुमी. त्या दिवशी भाऊकीत चूल नाही पेटत. सारी गल्ली कणीक मळून आनते, इथंच भाजते. एकेक गोळा देवकावर ठिवून आत ढकलतात. त्याले आमी बार म्हन्तो."

"बार?"

"तोफेत भरतात ना, तसा." मग ती माझ्याजवळ सरकली. "बापू विचारतात, कुनाचा गोळा? ज्याचा त्यानं घराचं नाव सांगाचं. पाव्हन्यायचा गोळा आत गेला म्हंजे सोयरीक पक्की. मंग सुपारी कायले पायजे?"

दादानं हे ऐकलं. अंगणातून बाहेर पडता पडता मला दटावलं, "नीट चौकशी झाल्याशिवाय कणकेला हात लावायचा नाही."

शहरात

चौकशी दादालाच करायची होती. खंडव्याकडच्या मिशनमधले एक म्हातारे फ्रेंच पाद्री बऱ्हाणपुरात आले होते, वसंतची त्यांच्याशी ओळख. त्यांना विचारायचं ठरलं की हे नाव त्यांच्या मुलखात कुणाचं असतं. दादाला खात्री होती की पाद्री म्हणेल, सरदारांचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माव्याच्या जिलबीनं दादाला परसाकडच्या वाटेवरून हलू दिलं नाही. मी आणि वसंत दोघंच गेलो.

पाद्रीबाबा ओसरीवर उन्हात बसले होते. पांढरा झगा, दाढी, पायांत आपल्याकडच्याच चपला. मराठी बोलत होते पण पुस्तकातून उतरवल्यासारखी. वसंतनं नाव सांगितलं. त्यांनी ते आपल्या तोंडानं म्हणून दाखवलं, फुर्न्ये. आणि हसले. "माझ्या गावात तीन घरे होती या नावाची. एक न्हावी होता. फार वाईट दाढी करायचा."

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. त्यांच्याकडे पूर्वी माणसाला एकच नाव असे. एकेका गावात दहा दहा जण झां नावाचे. मग ओळखायचं कसं? लोहार झां, टेकडीवरचा झां, तांबड्या केसांचा झां, नाहीतर पिएरचा झां. धंदा, जागा, रूप किंवा बाप. पुढं राजानं फर्मान काढलं की बाप्तिस्म्याची नोंद पाद्र्यानं ठेवलीच पाहिजे, आणि ती नावं कागदावर चिकटली ती चिकटलीच. लोहाराचा मुलगा नांगर धरू लागला तरी नाव लोहारच.

मी म्हटलं, "आमच्याकडे कुलकर्णी कापड विकतात, तसंच."

"तसेच. आणि फुर्न्ये म्हणजे भट्टीवाला."

मीच विचारलं, कसली भट्टी?

"पावाची. गावात एकच भट्टी असे, आणि ती जहागीरदाराची. घरी भाजायला बंदी. बायका पीठ मळून तिथे आणत. भट्टीवाला लांब लाकडी फळीवर गोळा ठेवून आत सरकवी. पण गोळे सगळे सारखे, म्हणून प्रत्येकावर घराची खूण असे. तो आधी विचारी, हा कोणाच्या घरचा? त्याची मजुरी पावातच मिळे."

मला वसंतच्या आईचं बोलणं आठवलं. कुनाचा गोळा? मी वसंतकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच पाहत होता.

"म्हणजे आमच्या बलुतेदारासारखा," मी म्हटलं. उगीच काहीतरी बोलायचं म्हणून.

पाद्रीबाबांनी मान हलवली. पुढं त्यांच्या देशात क्रांती झाली, जहागिरी गेल्या, भट्ट्या मोकळ्या झाल्या. आपल्याकडे मालगुजारी परवाच गेली, ते मला आठवलं. तेव्हा कित्येक भट्टीवाले पोटासाठी कुठं कुठं गेले असतील, पलटणींबरोबरही गेले असतील, ते म्हणाले. मग वसंतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नुसत्या नावावरून काही ठरत नाही, बाळ. नाव भट्टीचे, माणूस तोफेचा असू शकतो. माझ्या गावचा तो फुर्न्ये न्हावी नव्हता का?"

हा धागा मी घट्ट पकडला. परतताना टांग्यात वसंतला म्हटलं, "ऐकलंस ना? नावावरून काही ठरत नाही. दादाला सांगायचं, पाद्रीबाबांनी नाव ओळखलं, त्यांच्याकडे घरोघर आहे. खोटं काय त्यात?"

"आत्याबाई, त्या फडक्याखाली काय आहे ते मी लहानपणापासून पाहतोय. गज नाही तो."

"मग आणखी चार महिने पाहत राहा. लग्न झाल्यावर सांग हवं त्याला."

"तुमचे दादा आम्हाला तोपच्याचं घर समजून आलेत. असं लग्न मला नको."

मला राग आला. म्हटलं, "तुझ्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय? माझी पोर तिकडे वाट बघत बसलीय." तो मान खाली घालून बसला. घारे डोळे पाण्यानं भरले होते, पण हेकट तो हेकटच. टांग्यातून उतरताना मला कळलं की शालूनं ह्याला का निवडलं. कळून माझी पंचाईत मात्र तशीच राहिली.

पुन्हा बहादरपूर

पुतणीच्या लग्नाच्या दिवशी पहाटेपासून भट्टीत तुरीच्या काड्या जळत होत्या. दादाचं पोट ताळ्यावर आलं होतं आणि मनही. पाद्र्याचं काय झालं म्हणून त्यानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सांगते, आधी पेज घे." ते सांगणं मी पेजेवरून चहावर आणि चहावरून आंघोळीवर ढकलत नेलं. वसंत मात्र सकाळीच बापूंना घेऊन केळीच्या बागेत गेला. परत आले तेव्हा बापूंचा चेहरा उतरलेला होता, आणि वसंत माझ्याकडे बघेना. मी ओळखलं, ह्यानं सगळं सांगितलं.

अंगण माणसांनी भरलं. बायकांच्या हातांत परातीतले गोळे, प्रत्येकावर वेगळी खूण. कुणी बोटानं खळगा केलेला, कुणी काडीनं तीन रेघा, कुणी जवस चिकटवलेले. पाद्रीबाबांकडे गेले नसते तर मी हे पाहिलंही नसतं. वसंतच्या आईनं माझ्याही हातात कणकेचा गोळा दिला. मी दादाकडे पाहिलं नाही आणि गोळा मळत राहिले. हाताला काहीतरी काम हवं होतं.

बापूंनी देवक अंगणात आणलं. ते आदल्या दिवसापासून तापीच्या पाण्यात भिजवून आणलेलं होतं. एकेक फडकं सोडवत गेले. शेवटचं पडलं तेव्हा खालून निघाली वीतभराहून रुंद, पातळ, चपटी फळी. कडा जळून गोल झालेल्या, तळ काळा कुळकुळीत. माझ्या शेजारी दादा पुढं वाकून बघू लागला. असल्या फळीनं तोफ ठासत नाहीत, हे समजायला त्याला पाद्री लागणार नव्हता.

बापूंनी फळी हातात घेतली आणि पहिला गोळा न मागता तसेच उभे राहिले.

"भाऊकीतल्या लोकहो, एक सांगाचं हाय," ते म्हणाले. "आपुन याले गज म्हन्तो. माझ्या बापानं सांगतलं, त्याले त्याच्या बापानं. आज मले कळलं, आपलं नावच भट्टीवाल्याचं हाय. पलटनीतल्या लोकायले पाव भाजून घालनारा मानूस होता तो. तोफ त्यानं चालवली का नाही, मले मालूम नाही. हे मात्र हातात हाय, ते भट्टीचंच हाय." मग ते दादाकडे वळले. "भाऊसाहेब, तुमी तोपच्याचं घर म्हनून आले. तसं नाही निघालं. पोरगं सही बात बोललं, लपवून पोर नाही आनाची. तुमची मर्जी असन तसं करा. जेवून मात्र जा."

एका म्हाताऱ्यानं "अरे पण बापू..." असं सुरू केलं. बापूंनी हात वर केला तसा तो थांबला. वसंतची आई पदर तोंडाला लावून भट्टीमागं गेली. मी दादाला ओळखते. त्यानं जबडा असा आवळला की पुढं नाही हाच शब्द येतो. शालूला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

दादानं पुढं होऊन फळीची जळकी कड चाचपली. मग विचारलं, "पण पलटणीबरोबर आला हे तर खरं ना?"

"ते खरं," बापू म्हणाले.

"मग तोपची जेवत कुणाच्या हातचं होते?"

वसंतच म्हणाला, "त्याच्याच असणार."

"असणार नाही, त्याच्याच," दादा म्हणाला. "उपाशी माणूस तोफ डागतो काय? मी तर पहिल्या दिवसापासून म्हणतोय, घर तोफखान्यातलंच आहे." आणि त्यानं असं सगळ्यांकडे पाहिलं, की कुणी काही बोलून बघा. हा माझा भाऊ. हरला तरी बाजी त्याचीच. मला हसू आणि रडू दोन्ही आलं, आणि मी दोन्ही दाबलं, कारण हात कणकेचे होते.

पण सोयरीकीचा शब्द अजून दिला नव्हता. बापूंनी भट्टीकडे तोंड केलं. रीतीप्रमाणं पहिला गोळा नवरीच्या घरचा, तो गेला. मग एकेक परात पुढं येऊ लागली. "कुनाचा गोळा?" बापू विचारत, बाई नाव सांगे, गोळा फळीवर जाई आणि आत. आज बार कुणी म्हणालं नाही. माझी पाळी आली, पण मी पुढं झाले नाही. देवकासमोर नाव सांगायचा हक्क माझा नव्हता, तो तिच्या बापाचा.

दादानं माझ्या हातातला गोळा घेतला. उलटसुलट करून पाहिला. त्यावर खूण नव्हती. मी विसरले होते. त्यानं अंगठा दाबून मधोमध खळगा केला आणि गोळा फळीवर ठेवला.

"कुनाचा गोळा?"

"शालिनीचा."

"घराचं नाव सांगाव लागते, भाऊसाहेब," बापू हळूच म्हणाले. "रीत हाय."

दादा खाकरला. आमच्या घराचं नाव सांगायचं होतं, पण तो ज्या नावावर आला ते आजवर त्यानं नेहमी नाक मुरडूनच घेतलेलं मी ऐकलं होतं.

"शालिनी फुर्णे," तो म्हणाला, मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

परत मलकापूर

ती रोटी आम्ही फडक्यात बांधून आणली. वर अंगठ्याचा खळगा तसाच राहिला होता, खालून जरा करपली होती. शालू दारातच उभी होती. दादा सरळ आत गेला आणि चहा मागू लागला. मी पुरचुंडी तिच्या हातात दिली. वसंतनं तिला रीत सांगितलेली असणार, कारण तिनं ती लगेच उघडली आणि त्या खळग्यावर बोट ठेवलं.

"हे कुणी केलं?"

"तुझ्या बापानं."

ती पायरीवर बसली. "नाव सांगितलं त्यांनी?"

"सांगितलं."

"अख्खं?"

"अख्खं," मी म्हटलं.